एका न्हाव्याचा माफीनामा

तहसील कचेरीच्या आवारात, स्टँपव्हेंडरच्या शेजारी टेबल टाकून मी बावीस वर्षे अर्ज लिहिले. शालान्त परीक्षेशी माझे तीन वेळा मतभेद झाले. परंतु ज्यांचे असे मतभेद झाले नव्हते ते वकील, शिक्षक आणि एक निवृत्त उपजिल्हाधिकारी माझ्या टेबलासमोर उभे राहून मजकूर लिहून घेत असत. हे बढाई म्हणून नव्हे, पार्श्वभूमी म्हणून नमूद करतो.

माझ्या धाकट्या बहिणीने भावाला, म्हणजे मला, अमेरिकेत आणण्यासाठी केलेला अर्ज मंजूर व्हायला इतकी वर्षे लागली की, तो मंजूर झाला तेव्हा माझे गुडघे निवृत्तीला आले होते. तो अर्ज मी लिहिलेला नव्हता. अधिक बोलत नाही.

आता मी आणि माझी पत्नी वेस्ट विंडसरला बहिणीच्या घराच्या तळमजल्यावर राहतो. आठवड्यातले पाच दिवस मी एका भारतीय किराणा दुकानात भाजी निवडून मांडतो. शनिवारी मात्र सार्वजनिक वाचनालयातले खिडकीजवळचे टेबल माझे असते. पुण्या-नागपूरकडची संगणकातली मंडळी तिथे येतात. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर नावे चढवायची असतात, मोजणी अडलेली असते, भाऊबंदाने बांध सरकवलेला असतो. ही मुले रोज यंत्रांना हुकूम सोडतात, परंतु तलाठ्याला चार ओळी लिहिताना त्यांना घाम फुटतो.

“काका, नुसता ईमेल टाकला तर नाही का चालणार?” एकाने विचारले होते.

“ईमेलमध्ये माणूस उभा दिसतो,” मी म्हणालो. “अर्जात तो वाकलेला दिसला पाहिजे.”

हे माझ्या धंद्याचे सार आहे. अर्जाला तीन अंगे असतात. प्रथम वरिष्ठांचा मोठेपणा, मग अर्जदाराची दैना, शेवटी विनंती. तिन्ही त्याच क्रमाने आली पाहिजेत. विनंती नसेल तर तो कागद अर्ज नसतो, ती तक्रार होते, आणि तक्रार फायलीत जाते.

बहिणीच्या शेजारी एक इटालियन बाई राहतात. वय शहाण्णव. लग्न होऊन इकडे आल्या त्याला जन्म उलटला. नवऱ्याने स्वतः बांधलेले घर आहे, मूलबाळ नाही. आमची ओळख भोपळ्याच्या फुलांवरून झाली. त्यांनी कुंपणावरून फुलांनी भरलेली टोपली पत्नीच्या हातात दिली आणि ही कशी तळायची ते हातवारे करून दाखवू लागल्या. पत्नीने अर्ध्या तासात त्याच फुलांची भजी करून त्यांच्यासमोर ठेवली. दोघींनी एकमेकींकडे जरा संशयाने पाहिले. त्या दिवसापासून आम्ही त्यांना मावशी म्हणतो आणि त्या हाकेला ओ देतात. त्यांचे इंग्रजी इटालियन वळणाचे आणि माझे तालुक्याचे. त्यांचे बोलणे मी इथे मराठीत देतो आहे. ते मुळापेक्षा नेटके झाले असल्यास तो माझ्या हाताचा दोष समजावा.

यंदा वसंतात मावशी काठी टेकत आमच्या दारी आल्या. हातात लिफाफा होता.

“तुम्ही कागद लिहिता ना? सरकारला?”

“लिहितो.”

“मग माझ्याकडे चला. इथे भज्यांचा वास आहे, मला विचार करता येत नाही.”

त्यांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी प्रकरण सांगितले. लिफाफा त्यांच्या जन्मगावाहून आला होता. फॅसिस्ट राजवटीत त्या गावातून ज्यांना राजकीय कारणावरून हद्दपार करून बेटांवर ठेवले, त्यांच्या नावांची शिळा चौकात बसवण्याचे तिथल्या समितीने ठरवले होते. यादीत मावशींच्या वडिलांचे नाव होते. मात्र दप्तरखान्यात एक कागद सापडला. वडिलांच्या सहीचा माफीनामा. त्यात त्यांनी आपली चूक कबूल करून राजवटीशी निष्ठेची शपथ घेतली होती. शरण गेलेल्या माणसाचे नाव शिळेवर घेता येणार नाही, असे समितीचे मत पडले होते. कुटुंबाला काही म्हणायचे असल्यास एका महिन्यात लेखी कळवावे. कुटुंब म्हणजे मावशी.

“मला ते नाव तिथे हवं आहे,” त्या म्हणाल्या. “मी मरायच्या आत.”

त्यांच्या वडिलांचा गुन्हा काय होता, हे मी विचारले. तपशिलाशिवाय मी लेखणी उचलत नाही.

वडील न्हावी होते. गावातले एकुलते एक. त्या काळात दुकानांतून एक पाटी लावलेली असे: इथे राजकारणावर बोलत नाहीत, इथे काम करतात. वडिलांनीही लावली. आज्ञा म्हणजे आज्ञा. गिऱ्हाईक धान्याच्या भावावर बोलू लागले की ते हातातल्या वस्तऱ्याने पाटी दाखवीत. कुणी युद्धाचा विषय काढला की पाटी. पाद्री महाराजांनी पोपचे नाव घेतले, तरी पाटी. पुढे चौकात पक्षाने रेडिओचा कर्णा बसवला आणि त्यांच्या महान नेत्याचे भाषण गावभर ऐकू येऊ लागले. त्या दिवशी दुकान भरलेले होते. वडिलांनी वस्तरा पुसला, दारात जाऊन उभे राहिले आणि कर्ण्याकडे पाहत शांतपणे पाटीवर बोट ठेवले.

“कुणी हसलं का?” मी विचारले.

“सगळे हसले. म्हणून तर नेलं. कुणी हसलं नसतं तर दंड झाला असता.”

बेटावरची शिक्षा तीन वर्षांची होती. माफीनाम्यामुळे आठव्याच महिन्यात ते घरी परतले.

मी समितीने पाठवलेली प्रत मागितली. मला इटालियन येत नाही, परंतु अर्ज वाचण्यासाठी भाषा लागतेच असे नाही. वरचा समास किती सोडला आहे, पहिले अक्षर केवढे आहे, कुठे ओळ मुद्दाम तोडून पुढच्या ओळीत महामहीम एकटे ठेवले आहेत, हे पाहूनच मी ताठ बसलो. हा न्हाव्याचा मजकूर नव्हता. हा आमच्यातल्या कुणाचा तरी होता.

“मावशी, हे कुणी लिहिलं?”

“नगरपालिकेच्या कमानीखाली एक माणूस बसायचा. टेबल, शाई, चष्मा. आईला लिहिता येत नव्हतं.”

“वाचून दाखवा.”

त्यांनी एकेक वाक्य सांगितले. खाली सही करणारा आपल्या चरणांशी लीन होऊन. आपल्या पित्यासमान हृदयाला स्मरून. निष्पाप लेकरे उपाशी असून. मी दर वाक्याला मान हलवत होतो. मोठेपणा, दैना, विनंती. क्रम अचूक होता.

“तुम्हाला हे आवडलं?” त्यांनी विचारले.

“काम चोख आहे.”

मावशींनी कागद माझ्या हातातून काढून घेतला.

त्या संध्याकाळी मी हे सर्व पत्नीला आणि बहिणीला सांगितले. पत्नी पोळ्या लाटत होती.

“तुम्ही त्या काळात तिथे असता,” ती म्हणाली, “तर नेत्याच्या दारातच टेबल टाकलं असतंत.”

“टाकलं असतं तर चार लोकांची कामं झाली असती.”

“आणि पाटी लावली असतीत?”

“लावली असती. बोट दाखवलं नसतं.”

“म्हणून तर तुमचं नाव कुठल्या दगडावर येणार नाही,” ती म्हणाली आणि पोळी उलटली.

बहीण लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, “दादा, प्लीज, तू यात पडू नकोस. तिला शहाण्णव वर्षं झालीयत. तू काहीतरी पाच पानी लिहिशील आणि ती पूअर लेडी कन्फ्यूज होईल.”

मी पाच पानीच लिहिले. रविवार, सोमवार आणि मंगळवारची पहाट त्यात गेली. मराठीत मसुदा केला, नंतर एकेक वाक्य मावशींना इंग्रजीत सांगायचे आणि त्यांनी स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवायचे, असे ठरले होते. माझ्या मते ते माझ्या हातून उतरलेले सर्वोत्तम प्रकरण होते. समितीच्या न्यायबुद्धीची कीर्ती समुद्रापार कशी पोचली आहे, येथपासून आरंभ केला होता. मग वृद्ध, निपुत्रिक, विधवा अर्जदार. मग दिवंगत पित्याकडून भुकेपोटी घडलेली चूक. शेवटी उदार अंतःकरणाने ती चूक पोटात घालून नाव कायम ठेवण्याची कृपा व्हावी, ही सविनय प्रार्थना.

मावशी पहिल्या पानावर लिहीत होत्या. दुसऱ्यावर त्यांचा हात मंदावला. चूक पोटात घालण्याच्या वाक्याला त्यांनी पेन खाली ठेवले.

“हे तेच आहे,” त्या म्हणाल्या.

“काय तेच?”

“तोच कागद. तुम्ही त्याच कमानीखाली बसला आहात. तो पुन्हा माझ्या वडिलांना गुडघ्यावर बसवतोय.”

मला राग आला. बावीस वर्षांत माझ्या मसुद्याला असे कुणी बोलले नव्हते. मी म्हणालो, “मावशी, त्या कमानीखालच्या माणसाची टिंगल करू नका. त्याचा अर्ज मंजूर झाला होता. तुमचे वडील घरी आले.”

“हो. मंजूर झाला. म्हणूनच आता नाव खोडतायत.”

अर्ज मंजूर होण्यात काही तोटा असू शकतो, हा मुद्दा माझ्यासमोर पूर्वी कधी आला नव्हता.

मी पाने गोळा करू लागलो. सवयीने टेबलावरची मूळ माफीनाम्याची प्रत पुन्हा एकदा डोळ्यांखालून घातली. आणि मग सही पाहिली. मजकूर सराईत हाताचा, सही निराळ्या हाताची, हे योग्यच होते. आम्ही लोकांचा मजकूर लिहितो, सही करीत नाही. हा नियम सगळीकडे एकच असावा. मी स्वतः तो दोनदा मोडला आहे, त्याचा तपशील इथे अनावश्यक आहे. परंतु ही सही फार स्वच्छ होती. रोज वस्तरा धरणारा माणूस बेटावर बसून, माफी मागताना इतकी गोल, इतकी रेघेवर, इतकी न थांबता सही करणार नाही. खऱ्या सहीत घाई असते किंवा लाज असते. ह्या सहीत वळण होते. कित्ता गिरवलेले वळण.

“त्या वेळी तुमचे वडील बेटावर होते,” मी म्हणालो. “कागद गावात तयार झाला. मग सही कुणाची?”

मावशी उठल्या. त्यांनी कॉफीचे भांडे शेगडीवर ठेवले, ते उकळून वर येईपर्यंत पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, आणि तशाच बोलल्या.

“मला शाळेत अक्षरासाठी बक्षीस मिळालं होतं. नेत्याचं वाक्य सर्वांत सुंदर लिहिल्याबद्दल. पक्षाचा गणवेश, पांढरा सदरा, काळा घागरा, शनिवारी मैदानात कवायत, आणि वर्गात त्याचं वाक्य. बाईंनी माझी वही सगळ्या वर्गात फिरवली. मी नऊ वर्षांची होते.”

“आईने सांगितलं?”

“आई म्हणाली, तुझं अक्षर चांगलं आहे. एवढंच म्हणाली. दुकानाच्या परवान्यावर त्यांची सही होती. ती मी दिवसभर गिरवली. पक्षाच्या सेक्रेटरीने कागदाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. वडिलांना नेल्यापासून त्याची दाढी त्याचा चुलतभाऊ करायचा. गालावर ह्या एवढ्या जखमा. त्याला न्हावी परत हवा होता.”

“आणि वडिलांना कधी कळलं?”

“आल्यानंतर पहिल्या सोमवारी. सेक्रेटरी दुकानात आला, सगळ्यांसमोर त्यांना मिठी मारली आणि म्हणाला, किती सुंदर पत्र लिहिलंस रे. मी तिथेच केर काढत होते. वडिलांनी आधी आईकडे पाहिलं नाही, माझ्या हाताकडे पाहिलं. मग त्याला खुर्चीत बसवून त्याची दाढी केली. कुठेही कापलं नाही. मला त्यांनी काही विचारलं नाही. मरेपर्यंत नाही. पण त्यानंतर मला त्यांनी कधी काही लिहायला सांगितलं नाही. उधारीची यादीसुद्धा नाही.”

कॉफी वर आली. त्यांनी दोन कपांत ओतली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ दैना कागदावर उतरवली आहे, आणि ती कुठल्या शब्दात बसेल हे मला ऐकता ऐकताच कळते. ह्या वेळी कळले नाही. मी साखर ढवळत राहिलो. नंतर पत्नीने सांगितले की, मी त्या दिवशी साखर न घालताच ढवळत होतो. तिला ते मीच सांगितले असणार.

मार्ग एकच होता. वडिलांनी माफी मागितलीच नाही, हे सांगायचे तर कुणी सही केली हे सांगावे लागणार. मावशींच्या गावात त्यांच्या आईच्या नावाने चर्चमध्ये अजून मेणबत्त्या लावतात, असे मावशींच्या नवऱ्याचे तिकडचे पुतणे कळवीत असत. खोट्या सहीत आईचा हात होता, असे लेखी गेले तर ते गावभर जाणार.

“आईचा उल्लेख करायचा नाही,” मावशींनी ठरवून टाकले. “मी केली. मला कुणी सांगितलं नाही.”

“ते खोटं होईल.”

“तिने खरंच सांगितलं नव्हतं. ती फक्त म्हणाली, तुझं अक्षर चांगलं आहे.”

कायद्याच्या दृष्टीने हा मुद्दा टिकणारा होता, हे मला मान्य करावे लागले.

मग आम्ही लिहायला बसलो. मी सांगितले: सन्माननीय समितीच्या सेवेशी. मावशी म्हणाल्या, नको. मी म्हणालो, निदान महोदय. त्या म्हणाल्या, त्यांच्यातल्या एकाचा आजा आमच्या दुकानात उवा काढून घ्यायचा. मग वरची जागा कोरी राहिली. पुढे जे झाले ते मी जसेच्या तसे देतो. तो माफीनामा माझ्या वडिलांनी लिहिला नाही. त्यावरची सही मी केली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझ्या वडिलांनी कधीही माफी मागितली नाही. इतकेच. तीन ओळी. मावशींनी पेन कागदावरून उचलले.

“खाली काहीतरी हवं,” मी म्हणालो. “तरी आपण नाव कायम ठेवावे, ही विनंती. एवढं तरी.”

“मी विनंती करत नाही. मी कळवते आहे.”

“मावशी, विनंतीशिवाय कागद पाठवला तर त्याचं काय करायचं हे समोरच्याला कळत नाही.”

“कळेल,” त्या म्हणाल्या. “आणि नाही कळलं, तर तिसऱ्यांदा त्यांच्या नावाने कुणी गुडघे टेकले असं तरी होणार नाही.”

बुधवारी बहिणीने कामावरून सुटी घेऊन आम्हाला बँकेत नेले. “दादा, पाच पानं होती ना?” तिने गाडीत विचारले. मी खिडकीबाहेर पाहिले. बँकेतल्या नोटरी बाई तरुण होत्या, त्यांना मजकुराची भाषा येत नव्हती. त्यांनी ओळखपत्र पाहिले आणि नियमाप्रमाणे विचारले, “ह्यात लिहिलेलं सत्य आहे आणि सही तुम्ही स्वखुशीने करता आहात, अशी शपथ घेता?” मावशी म्हणाल्या, “ह्या वेळी, हो.” नोटरी बाई गोड हसल्या. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याला इथे तसेच हसतात. मावशींना सही करायला बराच वेळ लागला. आडनावाचे शेवटचे अक्षर रेघेखाली घसरले. मी पुढे होऊन कागद धरला, एवढाच माझा त्यातला हात.

समितीचे उत्तर सात आठवड्यांनी आले. मध्यंतरी मी मावशींकडे जाणे टाळले होते, कारण नकार आला असता तर मला विनंतीबद्दल बोलावेसे वाटले असते. उत्तर तीनच ओळींचे होते. निवेदन मिळाले. पूर्वीचा निर्णय रद्द केला आहे. यादीतील नाव कायम. आपला मोठेपणा किंवा खेद असे त्यात काही नव्हते, आणि मला, माझ्या सवयीविरुद्ध, त्याची उणीव भासली नाही.

पानगळीच्या सुरुवातीला पुतण्याने शिळेचे छायाचित्र फोनवर पाठवले. पत्नीने भोपळ्याच्या शेवटच्या फुलांची भजी नेली होती, म्हणून आम्ही दोघेही तिथे होतो. मावशींनी फोन नाकाजवळ धरला आणि नाव सापडेपर्यंत दगड वरखाली सरकवला. आनंद झाला असे दिसले नाही. दमल्यासारख्या दिसल्या.

“झालं, मावशी,” पत्नी म्हणाली. “आता सगळ्यांना कळलं.”

“सगळ्यांचं मला काय,” त्या म्हणाल्या. “वडिलांना सांगितलं.”

मला वाटले, त्यांचा गोंधळ होतो आहे. मी हळूच म्हणालो, “पण त्यांना माहीत होतंच ना? पहिल्या सोमवारपासून.”

“माहीत होतं,” मावशी म्हणाल्या. “मी सांगितलं नव्हतं.”

त्यांनी फोन पालथा ठेवला आणि बशी पुढे ओढून घेतली.